लाल दिव्यातलं हळदीकुंकू

संक्रांतीचं हळदीकुंकू संध्याकाळवर आलं होतं, आणि नेमकी त्याच दुपारी शैलजा प्रयोगशाळेतून बोटभर उंचीची शिशी घेऊन विजय नगरच्या घरी आली. तिकडचा फ्रिज बंद पडला होता. शिशीत तिच्या वर्षभराच्या मेहनतीचं प्रथिन होतं आणि उद्या सकाळी त्याच्यावर शेवटचा प्रयोग व्हायचा होता.

"बाबा, याला उजेड नाही लागला पाहिजे. लागला की सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात रिॲक्शन होते, मग सगळं वाया. फक्त मंद लाल दिवा चालतो."

पुंडलिकरावांची उभी नोकरी खमरियाच्या कारखान्यात दारूगोळा भरण्यात गेलेली. रिॲक्शन म्हटलं की त्यांना एकच आठवायची.

"फुटत नाही हो बाबा, नुसता आकार बदलते त्याचा!"

"अच्छा! सगळे पहिले असंच म्हणतात," पुंडलिकराव म्हणाले आणि कामाला लागले.

तासाभरात खिडक्यांवर ब्लँकेटं चढली, फ्रिजमधला बल्ब निघाला, दारात वाळूची बादली आली. देवघरातला झीरोचा लाल बल्ब हॉलमध्ये लागला. इथवर थांबले असते तर ते पुंडलिकराव कसले! खबरदारी म्हणून त्यांनी फ्रिजमधली प्रत्येक लहान शिशी फॉइलमध्ये गुंडाळली. त्यात बायकोची अत्तराची शिशीही आली.

"अहो, बाया येऊन राहिल्या! अंधारात कुठं हळदीकुंकू करतात का?" सत्यवतीबाई रडकुंडीला आल्या.

"लाल दिवा आहे नं. चपला बाहेर, माचिस बाहेर. बस."

शेजारच्या पार्वताबाई पाच-सहा जणींना घेऊन आल्या. सत्यवतीबाईंनी कुंकू लावलं, पण लाल उजेडात लाल कुंकू कुणाला दिसेचना.

"लागलंच नाही, दीदी," पार्वताबाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. मग बायकांनी एकमेकींना लावलं, तरी कपाळं कोरीच दिसत होती. शेवटी अपशकुन नको म्हणून सगळ्यांनी मनसोक्त चिमटी भरली. मग अत्तराची वेळ आली. फ्रिज उघडायचा अधिकार फक्त पुंडलिकरावांना. त्यांनीच आत चाचपून एक शिशी बायकोच्या हातात दिली.

"वासच नाही येऊन राहिला," मनगट हुंगत एक जण कुजबुजली.

"महागाचं असंच राहते," पार्वताबाईंनी निकाल दिला.

तिळगूळ घेऊन आलेल्या शैलजाने आईच्या हातातल्या शिशीचं प्रयोगशाळेतलं चपटं झाकण पाहिलं आणि डबाच सोडला.

"आई, ते अत्तर नाही!"

तोवर निघालेल्या पार्वताबाईंनी दार उघडलं होतं. जिन्यातल्या ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आत आला. शैलजाने झडप घालून शिशी मुठीत आवळली आणि पुंडलिकराव कान दाबून जमिनीवर पालथे पडले.

शैलजाने शिशी हलवून पाहिली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. "अर्धं वाचलं! फॉइल होती म्हणून वाचलं. उद्यापुरतं आहे."

"अन् बाकीचं?" खालून आवाज आला.

"यांच्या हातांवर होतं. त्याची रिॲक्शन झाली बाबा, तुम्ही पडायच्या पहिलेच."

पुंडलिकरावांनी हळूच मान वर केली. उघड्या दारात बायका रांगेने उभ्या होत्या. भुवयांपासून भांगापर्यंत सगळ्या लालभडक.

"अरे देवा," ते पुटपुटले, "इतक्या बाया जखमी झाल्या, अन् आवाज काहून नाही आला?"