कृष्णातची उडी आणि गणेशपट्टी

उंब्रजच्या हंबीररावांना घराच्या दारानं कधी त्रास दिला नव्हता. ते ताठ मानेनं आत जात आणि डोक्यावर चार बोटं जागा उरे. त्रास होता तो त्यांच्या मुलाला. कृष्णात नववीत दाराएवढा झाला आणि कॉलेजात जाईपर्यंत दाराला मागं टाकून हातभर वर गेला. दारावरच्या सागवानी गणेशपट्टीवर कपाळ आपटल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. रंगूबाई दार वाढवा म्हणून नवऱ्याच्या मागं लागून थकली. हंबीररावांचं उत्तर ठरलेलं.

"वाकायला काय जातंय?"

ते फौजेत हवालदार होते, बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शनीवर आलेले. एकदा दिलेलं उत्तर बदलायची त्यांना सवय नव्हती.

मग एका एप्रिलात साताऱ्याहून भोइटे सर आले. कॉलेजची बास्केटबॉलची टीम त्यांच्याकडं होती. कृष्णात त्या टीममधला सगळ्यात उंच गडी, आणि सगळ्यात बिनकामाचाही.

"हवालदारसाहेब, पोरगं माडाएवढं आहे, पण रिंगखाली आलं की मान खाली घालतं," सर म्हणाले. "चेंडू हातात, रिंग डोक्यावर, आणि हा वाकलेला. जणू देवळात शिरतोय!"

"संस्कार हायत, सर."

"संस्काराचे पॉइंट मिळत नाहीत. सुटी संपली की सांगलीला मॅच आहे. तिथं यानं उडी मारली तर टीममध्ये राहील. वाकला, तर त्याची जागा मी दुसऱ्याला देणार."

कृष्णातचा चेहरा उतरला. त्या खेळाइतकं त्याला जगात काहीच आवडत नव्हतं. मैदानाला दार नसतं.

हंबीररावांनी दोन दिवस पोराच्या हालचाली टेहळल्या आणि निदान केलं. "पाय झकास हायत. भ्यालंय ते कपाळ. आजपासनं दार बंद! मॅच हुईस्तोवर ह्या दाराखालनं जायचं न्हाई. कपाळाला पार इसर पडला पायजे."

"आनि जेवायचं कुठं?" रंगूबाईनं विचारलं.

जेवायचं शिंक्यात. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला हंबीररावांनी शिंकं टांगलं आणि त्यात भाकरी ठेवली. भूक लागली की उडी मारायची. पहाटे नांगरटीच्या ढेकळांतून पळायचं, ऊन उतरलं की बैलाच्या कासऱ्यानं दोरीवरच्या उड्या मारायच्या, आणि शेजारी काठी घेऊन हंबीरराव ओरडत उभे, "मान वर! सीना तान!" रोज सकाळी ते शिंकं चार बोटं वर घेत. दुपारी त्यांचा डोळा लागला की रंगूबाई ते दोन बोटं खाली घेई. पोरगं उरलेल्या दोन बोटांनी सुधारत गेलं.

इकडं शेजारच्या साळूबाईनं गिरणीत बातमी दळली, "बापानं पोराला घराभाईर काढलाय. भाकरीसुदिक झाडाला टांगून देतोय." ही बातमी एस.टी.च्याही आधी रंगूबाईच्या माहेरी, शिरवळला पोचली. चौथ्या दिवशी रंगूबाईचा भाऊ मानसिंग दोन जाणती म्हातारी माणसं घेऊन दारात हजर.

"दाजी, पोरानं काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा कसला? वाकतोय."

"बापाम्होरं वाकतोय म्हनून भाईर काढला?"

"आरं, तसं न्हवं! त्येला टोपलीत चेंडू टाकायचा असतोय. बूड नसल्याली टोपली. ती वर टांगल्याली असती..."

मानसिंगनं हळूच बहिणीकडं वळून विचारलं, "कवापास्नं असं बोलत्यात?"

शेवटी कृष्णातनंच मामाला सगळं समजावलं. पण एवढ्या लांब येऊन काहीच न ठरवता परत जाणं त्या दोघा म्हाताऱ्यांना बरं दिसेना. म्हणून चहा घेता घेता त्यांनी वाटणी करून टाकली. कृष्णातच्या वाट्याला लिंबाचं झाड आणि एक म्हैस आली. शिंकं सामाईक राहिलं.

सुटी संपेपर्यंत पोराचं कपाळ पार निर्भय झालं. फांद्यांना तो आता डोकं लावून खेटत होता, आणि उडी तर अशी, की भाकरी काढून घेतल्यावर शिंकं हलतसुद्धा नव्हतं. मॅचच्या दिवशी सकाळी हंबीररावांचा ऊर भरून आला.

"जा गड्या, देवाच्या पाया पडून ये. मान वर! सीना तान!"

कृष्णात मान वर करून, सीना ताणून, पळतच आत शिरला. गणेशपट्टी होती तिथंच होती.

आवाज इतका मोठा झाला, की वाट्याला आलेली म्हैस उठून उभी राहिली. रंगूबाईनं टेंगळावर मूठभर हळद दाबली. "मी आजच्या आज कोंडीबा गवंड्याला बोलावतीया. ही पट्टी पाडूनच टाकती!"

"वाकायला..." हंबीरराव म्हणाले, आणि पोराचं कपाळ बघून पिशवी उचलायला वळले.

सांगलीपर्यंत एस.टी.त कृष्णात वाकत होता. रस्त्यावर वडाची फांदी आली, वाकला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, तरी वाकला. हंबीरराव खिडकीबाहेर बघत बसले. एवढी सुटी, एवढी ढेकळं, आणि आपणच हुकूम सोडून सगळ्यावर पाणी ओतलं.

भोइटे सरांनी त्याला अगदी शेवटी मैदानात उतरवलं. पिवळं कपाळ बघून सांगलीकर ओरडले, "आरं, नवरदेव आला! वऱ्हाड कुटं हाय?" चेंडू कृष्णातच्या हातात आला, तो रिंगखाली गेला आणि वाकला. हंबीररावांनी पटक्याच्या शेमल्यात तोंड खुपसलं.

पण सांगलीची तीन दांडगी पोरं त्याला अडवायला हात वर करून उडाली होती. वर कुणीच नव्हतं. ती तशीच रिकाम्या हातांनी खाली यायला लागली. तेवढ्यात खाली वाकलेल्या कृष्णातच्या लक्षात आलं, की डोक्याला काहीच लागलं नाही. तो ओशाळला, सरळ झाला, आणि वर टांगलेली जाळी बघून त्याला सवयीनं भूक लागली. तो उडाला. भाकरी परत शिंक्यात ठेवावी तसा चेंडू त्यानं अलगद रिंगमध्ये ठेवला.

पुढच्या वेळीही तेच. तो वाकला की सांगलीकर वर, ते खाली आले की हा वर. मॅच साताऱ्यानं मारली.

"हवालदारसाहेब!" सर धापा टाकत आले. "आधी हुलकावणी, मग उडी! कृष्णातची जागा पक्की. पण ही युक्ती याला शिकवलीत कुठं?"

"दारात," हंबीरराव खरं तेच बोलले.

"मग त्या दाराला हात लावू नका. पुढच्या सुटीत मी सगळी टीमच पाठवतो."

हंबीररावांना कोंडीबा आठवला. परतीच्या एस.टी.त ते सीटच्या कडेवर बसून राहिले. उंब्रजला गाडी थांबते न थांबते तोच उतरून ते पळत सुटले. कोंडीबा पहार घेऊन ओट्यावर चढलेलाच होता.

"थांब, कोंडीबा! त्या पट्टीनं मॅच मारलीया!"

"उनात फिरलासा काय?" रंगूबाई म्हणाली. "पट्टी कवा मॅच मारती व्हय?"

"आगं, पोरगं आधी असं वाकलं!" हंबीरराव दारात उभे राहून वाकून दाखवू लागले. "आन् मग ते समदं खाली आल्यावर, ह्ये असं..."

आणि हंबीरराव उडाले.

गणेशपट्टीला त्यांचं डोकं लागायची ही पहिलीच वेळ. ते मटकन उंबऱ्यावर बसले. मागून आलेला कृष्णात मुकाट्यानं वाकून, बापाला ओलांडून आत गेला आणि हळदीचा डबा घेऊन आला.

"कोंडीबा," हंबीरराव डोकं धरून क्षीण आवाजात म्हणाले, "पाड ती पट्टी."

रंगूबाईनं डब्यातली चिमूटभर हळद घेतली आणि नवऱ्याच्या टेंगळावर दाबली.

"कोंडीबादा, पहार ठेवा खाली अन् च्या घ्या," ती म्हणाली. "पट्टी ऱ्हाऊ द्या. वाकायला काय जातंय?"