विकाऊ मुलखात बाळराजे निजविल्याची हकीकत

श्रीवास्तुपुरुष, जो छपराखाली पालथा निजतो आणि वरती कोणीही नांदो, कूस म्हणोन बदलीत नाही, त्यास प्रथम दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, पौष मासी, सुट्टीचे दिवशी जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. मुलखाचे नाव लिहिले नाही. ज्यास घेणे असेल त्यास दलाल सांगेल, आणि ज्यास घेणे नसेल त्यास दलाल दोनदा सांगेल.

तर शहरी चिन्मयराजे म्हणोन एक राजे होते. सातबाऱ्यावर शेतकरी, एरवी संगणकावर चाकर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे राज्य, खाली औषधांचे दुकान, समोर बाळांचे डॉक्टर, ऐसे सर्व सुखरूप असता राजांचे चित्तास शांतता नामक रोगाने घेरिले. फोनवर डोंगर पाहावे, सुस्कारा टाकावा आणि म्हणावे, "केतकी, आपण जगतोय का गं? हे काय जगणं आहे?" केतकीबाईसाहेब राणी, शिकलेल्या, सावध, कडेवर बाळराजे, वय सव्वा वर्ष, छाती नाजूक आणि झोप त्याहून नाजूक, त्यांनी म्हणावे, "जग रे तू, पण हळू आवाजात जग. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." मग एके दिवशी फोनात एक मुलूख प्रकट जाहला. डोंगरउतारावर जुने शेतघर, त्याचा जीर्णोद्धार केलेला, शेजारी अतिथिगृह, भोवती आंब्याकाजूची जमीन, सर्व विकणे आहे. राजे ते पाहोन जेवले नाहीत. शहरातील दोन खोल्या विकाव्या आणि हा मुलूख घ्यावा ऐसा मनसुबा केला आणि दोन खोल्यांस गिऱ्हाईकही उभे केले. राणीसाहेबांनी जाहिरात शेवटपर्यंत वाचिली, कारण शहरातील गादी एकदा सोडिली की फिरोन मिळणे नाही, आणि त्या डोंगरावर बाळाची छाती भरली तर डॉक्टर कोठे, हे जाहिरातीत लिहिले नव्हते. धबधबा किती जवळ, हे मात्र लिहिले होते. पौषात घर पाहू नये ऐसे राजमातेचेही मत पडले, परंतु विकणाऱ्याने किंमत पौषातच उतरविली होती, तेव्हा राजे बोलिले, "आई, मुहूर्त बघायचा की भाव?" आणि राजमाता भाव म्हणाल्या.

मग खासा स्वारी मोटारीत बसोन निघाली आणि बाळराजे घाटात दोन वेळा ओकले आणि फाट्यावर गुलाबराव दलाल हात जोडोन उभे होते, ते पुढे बसले आणि राणीसाहेबांकडे वळोन बोलिले, "वहिनीसाहेब, इथली हवा घेतली की माणूस औषधं विसरतो." राणी बोलिल्या, "औषधं विसरून कसं चालेल? डॉक्टर किती लांब आहेत?" गुलाबराव बोलिले, "लांब कसले! रस्ता चांगला असला की जवळच." रस्ता कधी चांगला असतो, हे त्यांनी सांगितले नाही. मुलखाचे धनी श्रीरंगपंत दारी सामोरे आले. अंगात हातमागाची बंडी, पायी कोल्हापुरी, चेहऱ्यावर झोप न झालेल्या माणसाचे तेज. त्यांनी हे घर पडके घेतले आणि जैसे शंभर वर्षांमागे होते तैसे अक्षरशः उभे केले, सिमेंटास आत पाऊल टाकू दिले नाही, ऐसा त्यांचा लौकिक. भिंतीस चुना, चुन्यात हिरडा आणि गूळ कालविलेला, ऐसे शास्त्र; परंतु पंतांनी घराच्या प्रेमापायी गूळ हात सैल सोडोन घातिला आणि ते शास्त्र पंचक्रोशीतील मुंग्यांनीही वाचिले. विजेची बटणे दिसू नयेत म्हणोन वेताच्या टोपल्यांआड दडविली. खिडक्यांचे गज काढिले, कारण गजाने डोंगर अडतो. माळ्याचा कठडा काढिला, कारण मूळ घरास कठडा नव्हता. विहीर दारापुढेच, तिचे तोंड जमिनीशी सपाट, त्यावर कमळाची पाने सोडिलेली. स्नानगृहास छप्पर नाही. तेथे आकाश पाहात न्हावे ऐसी योजना, आणि आकाशानेही पाहावे.

राजे दालनोदालनी फिरोन "अहाहा" करिते जाहले. ओसरीवर अहाहा, माजघरात अहाहा, देवळीतील पणती पाहोन अहाहा. राणी मागोमाग, बाळ कडेवर, आणि त्यांचे डोळे राजांचे डोळ्यांचे बरोबर दोन हात खाली चालत; जेथे राजे तुळई पाहात तेथे राणी टोपलीआडचे बटण पाहात, आणि ते रांगत्या मुलाचे हाती येते की कैसे, याचा अदमास घेत. माजघराचे आढ्यास पाळणा टांगिला होता, जुना, रंगीत राघूमैनांचा. त्यात मासिके ठेविली होती. राणी बोलिल्या, "पाळणा छान आहे." पंत हर्षे बोलिले, "एका जुन्या घरातून मिळवला. माणसं थांबून फोटो काढतात." राणी बोलिल्या, "तुमच्याकडे लहान कुणी आहे?" पंत बोलिले, "हो, मुलगी आहे. अकरा महिन्यांची." आणि तत्काळ तुळईकडे वळोन सागवानाविषयी बोलू लागले. इतक्यात अतिथिगृहाकडोन कुकराची शिट्टी जाहली आणि वरणाचा वास आला. राणी बोलिल्या, "पाहुणे उतरलेत वाटतं?" पंत बोलिले, "हो. म्हणजे... पाहुणे असे नाही." गुलाबराव खोकले. राणी बोलिल्या, "मग कोण?" पंत बोलिले, "आम्हीच."

हे ऐकोन क्षणभर मुंग्याही थबकल्या. मग राणीसाहेब कोणास न विचारिता अंगण ओलांडोन अतिथिगृही गेल्या. तेथे सिमेंटाचा स्लॅब, खिडकीस गज आणि गजास जाळी, वरती पंखा, मागे दोरीवर दुपटी वाळत. पलंगावर मुलगी निजलेली, चोहोंकडोन उशांचा तट. पंतांची राणी अनुजाबाई वरण घोटीत होत्या, त्यांनी केतकीबाईंचे कडेचे बाळ पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "किती वेळा उठतो रात्रीचा?" दोघी एका राज्याच्या रहिवासी निघाल्या. केतकीबाईंनी विचारिले, "तुम्ही तिकडे कधीच नाही राहिलात?" अनुजाबाई बोलिल्या, "राहिलो ना! हिला मुंग्या चावल्या, मग इकडे आलो. तेव्हापासून तिकडे पाहुणे राहतात, आम्ही पाहुण्यांच्या खोलीत. पाहुणे एक दिवस राहून 'काय शांत आहे हो' म्हणून जातात. ती शांतता मी झाडते." केतकीबाई हसल्या, अनुजाबाई हसल्या नाहीत. हळूच बोलिल्या, "ताई, घ्या हो हे घर. मला माझ्या आईच्या गावी जायचंय. तिथे दवाखाना आहे." जिचे तोंडी आपलेच भय ऐकिले, तिनेच ते भय पदरात घ्यावे म्हणोन विनविले, ऐसा पेच केतकीबाईंस पडला.

तोवर पुरुषमंडळी येऊन पावली. राणीने सर्वांदेखत विचारिले, "चिन्मय, हे लोक त्या घरात राहत नाहीत. आपण राहणार?" राजे गडबडले, परंतु राजेच ते, तत्काळ तोड काढिली, "मग आपणही इथेच राहू की! आणि मोठं घर पाहुण्यांना देऊ. घर स्वतःचे पैसे स्वतःच फेडेल!" यावर अनुजाबाई पळी न थांबविता बोलिल्या, "अगदी हेच. आमच्या ह्यांचे शब्द. हाच सूरसुद्धा." श्रीरंगपंतांनी आढ्याकडे पाहिले, परंतु येथे तुळई नव्हती. गुलाबरावांनी संधी साधोन पिशवीतून कागद काढिले आणि बोलिले, "साहेब, बयाण्याचं आजच उरकू. उद्या दुसरी पार्टी येतेय." राजांनी खिशातील लेखणी काढिली. शहरातील दोन खोल्या मात्र उभयतांचे नावे होत्या, राणीचे पित्याने हट्टाने करविल्या होत्या, सबब राणीची सही होणेवाचून ते राज्य विकणे नाही आणि ते विकल्यावाचून हे घेणे नाही. सर्व राणीकडे पाहते जाहले. बाळराजे तेवढ्यात मातुश्रींचे खांद्यावर पेंगोन निजले. मग राणीसाहेब शांतपणे बोलिल्या, "करते सही. तू आधी याला निजव." राजे बोलिले, "निजलाय की." राणी बोलिल्या, "खांद्यावर निजलाय. मोठ्या घरात ठेवून ये. घर घ्यायचंय ना आपल्याला? जिथे तुला वाटेल तिथे ठेव आणि ये." आणि बाळ राजांचे खांद्यावर दिले.

राजे ऐटीत निघाले, जणू अर्ध्या घटकेत मोहीम फत्ते. माजघरी गेले, पाळण्यातील मासिके उचलिली तो खाली मुंग्यांची छावणी. मासिके फिरोन ठेविली. शेजारचे दालनी दगडी ओटा, बहुत सुंदर, परंतु थंड आणि कड धारेची, आणि बाळ झोपेत लोळते. गादी खाली अंथरावी तर शेणसारवण ओले आणि बटणे टोपलीआड हातभर अंतरावर. खिडकीशी बैठक होती, तेथे वाकले आणि गज नाहीत हे तेसमयी प्रथमच पाहिले, पलीकडे तो डोंगर, जो गजाने अडत होता. माळ्याची शिडी दोन पायऱ्या चढले आणि उतरले. ओसरीवर आले, समोर विहीर, कमळाची पाने शांत पसरलेली, आणि राजांनी बाळाचे डोक्यावर हात घट्ट धरिला. दाराशी उभे पंत काही सुचवू पाहात, "तिथे, त्या कोनाड्यात..." आणि आपणच गप्प होत, कारण त्यांनीही एके काळी याच मार्गाने हीच स्वारी केली होती. ऐसा अवघा मुलूख पालथा घातिला, आंब्याकाजूसुद्धा, परंतु सव्वा वर्षाचे पोर टेकवावे इतकी जागा न सापडली. मग राजे घामाघूम अंगण ओलांडोन अतिथिगृहाचे दारी आले. अनुजाबाईंनी उशांचा तट मोडिला, आपली मुलगी अल्लाद भिंतीकडे सरकविली आणि राजांनी आपले पोर तिचे शेजारी ठेविले. दोन्ही बाळे तोंडाकडे तोंड करोन निजली. मग राजांनी लेखणीचे टोपण लाविले.

स्वारी वरणभात जेवोन शहरी परतली. निघते वेळी अनुजाबाईंनी केतकीबाईंस दुपट्यात बांधोन हिरडे दिले, बाळाचे खोकल्यास, नजर मात्र दिली नाही. शहरातील गिऱ्हाईकास नकार गेला. राजांनी फोनातील डोंगर पुसिले, एक राखिला.

मग आठवडाभराने तीच जाहिरात नवी होऊन फोनात आली. गुलाबरावांनी भोजनसमयी गुपचूप छायाचित्र टिपिले होते ते माथ्यावर: पलंगावर दोन बाळे निजलेली, आणि खाली लिहिले, "येथे पाऊल टाकताच मुलांना गाढ झोप." त्यातील एक बाळ आपले, हे पाहोन केतकीबाईंचे मस्तक फिरले. तत्काळ अनुजाबाईंस फोन लाविला, "अहो, हा फोटो काढायला सांगा! माझ्या मुलाचा आहे. आणि खोटं आहे हे!" अनुजाबाई बोलिल्या, "खोटं कुठे? निजला होता की." मग बोलिल्या, "ताई, रविवारी एक जण येतायत बघायला. बायकोला सातवा महिना आहे म्हणे. राहू द्या ना तो फोटो." राणीसाहेब खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीस गज होते. त्यांनी फोन ठेविला.

येणेप्रमाणे बाळराजे सुखरूप राहिले, राज्य सुखरूप राहिले, छायाचित्रही राहिले. हकीकत इतकीच.