मावशीच्या कोठीतली प्रतीकं

प्रतीकांच्या बाबतीत आमच्या गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता! पंधरा वर्षं शाळेत साहित्य शिकवतोय. कवितेत नुसता कुत्रा भुंकला तरी मी त्याचे तीन अर्थ काढून देतो आणि परीक्षेत चौथा विचारतो. तेव्हा ग्रादिमिरला वाचवायची योजना माझ्याच डोक्यातून निघाली, यात नवल ते काय!

ग्रादिमिर माझा बालमित्र. ‘शत्रूचा पत्ता’ ही त्याची कादंबरी एक्याण्णव सालच्या वसंतात छापून आली. दूरच्या ग्रहावर दोनशे वर्षं युद्ध चाललंय, शत्रू कोण हे कोणालाच आठवत नाही, आणि एक सैनिक पळ काढून यानाच्या कोठीत लपतो, अशी ती गोष्ट. ती त्याने माझ्या मावशीच्या कोठीत बसून लिहिली, कारण तिथली भिंत चुलीला लागून, त्यामुळे उबदार. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे खरंखुरं युद्ध सुरू झालं आणि ग्रादिमिर परत त्याच कोठीत येऊन लपला!

कारण होतं ओस्तोया. लष्करी कचेरीचा निरोप्या. भरतीचा कागद माणसाच्या हातात पडून पावतीवर सही झाल्याशिवाय तो पोचला असं धरत नसत. त्यामुळे त्या शरदात दारावरची घंटा वाजली की गावातले धडधाकट पुरुष घरातून नाहीसे व्हायचे. बायका दार उघडून सांगायच्या, “सीमेपलीकडे, हंगेरीला गेलेत.” अख्खा हंगेरी आमच्या गावच्या नवऱ्यांनी भरून वाहत असणार! माझा डावा डोळा जन्मापासून अधू, त्यामुळे मला कागद येणार नव्हता. घंटा वाजली की मी आपला छाती पुढे काढून दार उघडायचो.

योजना साधी होती. वाचनालयात कादंबरीवर माझं व्याख्यान ठेवायचं आणि व्यासपीठावरून जाहीर करायचं, की लेखक हंगेरीत आहेत, क्षमस्व. चारचौघांत एकदा बोललं गेलं की ओस्तोया शोधणं सोडून देईल.

“बोलणार कशावर?” ग्रादिमिरने कोठीतून विचारलं.

“कादंबरीतल्या प्रतीकांवर!”

“अरे, त्यात प्रतीकं नाहीत.”

“तुला काय कळतंय? तू फक्त लिहिलीस!”

सावेता मावशी चुलीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. “स्रेतेन, बोल काय बोलायचं ते,” ती म्हणाली, “पण जीभ आवर. एकदा सुटलास की तुला घर आठवत नाही की दार.”

शनिवारी सकाळी अकराला वाचनालय गच्च भरलं. चाळीसएक बायका, सहा आजोबा, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पुस्तक घेऊन साक्षात ओस्तोया! पण “लेखक हंगेरीत आहेत” म्हटल्यावर सगळ्या बायकांनी अशा काही माना डोलावल्या, की मला चेव चढला.

“कोठीतल्या लाल बरण्या म्हणजे,” मी आवाज खाली आणला, “निरपराधांचं सांडलेलं रक्त!”

“कसलं मेलं रक्त?” मागून एक आजीबाई म्हणाल्या. “मिरच्या घातलेल्या असतील.”

“आजी, ते अंतराळयान आहे!”

“असू दे की. तिथे हिवाळा येत नाही?”

सगळे हसले. ग्रंथपाल बिसेर्काबाईंनी टेबलावर टकटक केली. मी घाम पुसला. बंद पडलेलं घड्याळ, एका पायाचा बूट, रडणारं यंत्र, सगळ्यांचे अर्थ लावून मोकळा झालो. आणि ओस्तोयाने हात वर केला.

“सर, पान एकशे बारा. वरच्या फळीवर तिसरी बरणी. हिरव्या अक्रोडांचा मुरंबा. वर चिठ्ठी, ‘शहाऐंशी, फक्त पाहुण्यांसाठी’. याचा अर्थ काय?”

“ते... शांततेची आठवण. आईची माया. आणि एका अर्थी, युरोप.”

“मला नाही पटत,” ओस्तोया शांतपणे म्हणाला. “मला हे भरताड वाटतं. ज्याने जन्मात कोठी बघितली नाही, त्याने घरात बसून ठोकून दिलंय.”

दोनचार माना डोलल्या. माझ्या मित्राचं पुस्तक आणि भरताड! माझं डोकंच फिरलं.

“न बघता?” मी ओरडलो. “अहो, तिथे बसून एकेक बरणी बघून लिहिलंय त्याने! चिठ्ठीसकट! या माझ्या मावशीकडे, आत्ता फळी दाखवतो!”

बिसेर्काबाईंनी डोळे मिटून घेतले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्या गोष्टीचा सरळ अर्थ सांगितला होता.

ओस्तोया उठला. “चला सर. बघूच या.”

अजून सगळं गेलं नव्हतं! कोठी आहे म्हणजे कोठीत माणूस आहे, असं थोडंच! त्याच्या खटारा गाडीतून उतरल्या उतरल्या मी फाटकातूनच बोंब ठोकली, “मावशी! पाहुणे आलेत! लष्करी कचेरीतले ओस्तोया आलेत!”

मावशी हुशार. आम्ही आत गेलो तेव्हा ती कोठीच्या बंद दाराला पाठ लावून उभी होती.

“कोठी दाखवणार नाही,” ती म्हणाली. “पसारा आहे.”

“नका दाखवू,” ओस्तोया म्हणाला आणि खुर्चीवर बसला. “सकाळपासून उभा आहे, जरा टेकतो.”

तो बसला आणि घात झाला. आमच्याकडे घरात पाहुणा बसला की त्याच्यापुढे चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी येतं. मग तो जावई असो नाहीतर जप्तीवाला. मावशीने पन्नास वर्षं हेच केलेलं. तिने हात पुसले, पेला भरला, चमचा काढला आणि मागे न बघताच दाराकडे हात केला.

“ग्रादा, अक्रोडाची बरणी दे रे जरा.”

दार चार बोटं उघडलं. आतून एक हात आला. हातात बरणी.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ओस्तोयाने बरणी फिरवून चिठ्ठी वाचली.

“शहाऐंशी,” तो म्हणाला. “बरोबर आहे.” आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मी त्याच्यापुढे हात जोडले. “ओस्तोया, तुम्ही काही बघितलंच नाही! काय?”

“सर, तुमचं व्याख्यान पन्नासेक जणांनी ऐकलंय. मी आज रिकामा गेलो तर उद्या बंदूकवाले येतील. ते मुरंबा खायला बसत नाहीत.”

ग्रादिमिर बाहेर आला. तीन महिन्यांनी त्याच्या तोंडावर ऊन पडलं, तर डोळेच उघडेनात त्याला. पावतीवर सही त्याने उभ्याउभ्याच केली. मग ओस्तोयाने बगलेतलं पुस्तक पुढे केलं.

“इथेही एक करा. तीनदा वाचलंय. भरताड बिरताड काही नाही, ते मी सरांना बोलतं करायला म्हणालो.” त्याने पहिलं पान उघडून धरलं. “पुढचा भाग कधी?”

“ते तुम्हीच सांगा,” ग्रादिमिर म्हणाला.

“सोमवारी सकाळी सहाला. शाळेच्या पटांगणात. लोकरीचे मोजे घ्या, दोन जोड.”

मुरंबा मात्र ओस्तोयाने संपवला. मावशी चुलीकडे तोंड करून रडत होती. त्या दोघांकडे आणि तिच्याकडे न बघता मी बरणीचं झाकण लावत बसलो, ते काही केल्या लागेना.

फेब्रुवारीत ग्रादिमिर परत आला. हातपाय शाबूत! लोक म्हणाले, नशीबवान. तो कोणाशी बोलला नाही. सरळ कोठीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आता त्याला कोणी शोधत नाही. तरी घंटा वाजली की आत बरण्या किणकिणतात. मावशी दारातून ताट देते. मी कागद आणि पेन्सिली ठेवून बघितल्या, त्या तशाच आहेत. मी रोज दाराबाहेर स्टुलावर बसतो. माझ्यामुळे झालं हे, असं म्हणायला जातो आणि वर्गात मुलं काय म्हणाली तेच सांगत राहतो.

परवा बिसेर्काबाईंचा फोन आला. “सर, लेखक परत आले म्हणे! पुन्हा व्याख्यान ठेवू या. या वेळी ते स्वतःच अर्थ सांगतील. घरी आहेत ना?”

“नाहीत,” मी म्हणालो.

“मग आहेत तरी कुठे?”

या वेळी मात्र मी सांगितलं नाही.