नातेवाईक नसलेला समुद्र

ताटं अजून उचललीही नव्हती, तेवढ्यात निशिगंधाने सांगून टाकलं की यंदाच्या सुट्टीत समुद्र पाहायला जायचं, पण ज्या शहरात आपलं एक जरी माणूस असेल त्या शहरात ती पाय ठेवणार नाही. गोविंदाचा घास हातातच राहिला.

"म्हंजे?"

"म्हंजे लॉजवर राह्याचं. आयतं खायाचं. कोणाच्या सैपाकघरात मी जात नाई, अन् पिठाचं पोतं सोबत येत नाई."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं. पण गोविंदाच्या घराण्यात हे बोलणं म्हणजे भर पंगतीत ताट लाथाडण्यासारखं होतं. मेहकरात स्टँडच्या मागे गोविंदाची पिठाची गिरणी. त्याची सख्खी, चुलत, मावस भावंडं पोटापाण्यासाठी देशभर पांगलेली, आणि घराण्याचा कायदा असा की आपलं माणूस असलेल्या गावात तुम्ही लॉजवर उतरलात तर त्या माणसाचं नाक कापलंत. म्हणून कुठेही जायचं तर गिरणीतलं ज्वारीच्या पिठाचं पोतं आधी गाडीत चढायचं, मग माणसं.

कल्याणला मोठी नणंद मनकर्णाबाई. ती दारातच पोतं पाहून खुश व्हायची आणि म्हणायची, "वयनीच्या हातच्यासारखी भाकर साऱ्या मुंबईत भेटत नाई." निशिगंधाला हे कौतुक पाठ झालं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की पदर खोच आणि ओट्याशी उभी राहा. मागच्या खेपेला पोरांनी सगळी मुंबई पाहिली. निशिगंधाने कल्याणच्या सैपाकघरातला पंखा पाहिला. तोही बंद.

पोरं आईच्या बाजूने उभी राहिली, हे नवल. पुष्पांजलीची दहावीची परीक्षा नुकतीच झालेली, हरिओम तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि दोघांचं चार्जरपासून चादरीपर्यंत कशावरच जमत नसे. पण आत्याच्या घरी दोघांचे हाल सारखेच होते. आत्या पुष्पांजलीची हनुवटी वर करून चार बायांसमोर विचारायची, पोरगी एवढी काळी कशानं पडली. हरिओमला आतेभावाचे जुने शर्ट मिळायचे, आणि ते तिथल्या तिथे घालून, गोल फिरून दाखवावे लागायचे.

"मम्मी बरोबर बोलून राह्यली," हरिओम म्हणाला. "मी पुन्हा गोल फिरणार नाई."

त्याने मोबाइलवर नकाशा उघडला आणि किनाऱ्या-किनाऱ्याने बोट सरकवायला सुरुवात केली. मुंबईचा प्रश्नच नव्हता. सुरतेत मधला काका. पणजीला गोविंदाचा मावसभाऊ एका हॉटेलात आचारी. पुष्पांजली म्हणाली, आपण दुसऱ्या हॉटेलात राहू. गोविंदा म्हणाला, रस्त्यात दिसला तर तोंड कुठं लपवू. बोट मंगळूरला पोचलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला, तर बाजेवर पडलेली आजी, झुंबरबाई, डोळे न उघडता बोलली की तिच्या बहिणीची नात तिथल्या बँकवाल्याला दिलेली आहे. हे आजवर घरात कोणाला माहीत नव्हतं. कोचीत नात्याचं कोणी नव्हतं, फक्त गल्लीतल्या एका घरचा पोरगा दवाखान्यात कामाला होता. पण गोविंदा म्हणाला, त्याच्या बारशाचे पेढे आपण खाल्ले, त्याला परका कसं म्हणायचं.

हरिओमचं बोट कन्याकुमारीला वळसा घालून पलीकडच्या बाजूने वर निघालं. चेन्नईत भाचा निघाला. बोट आणखी वर गेलं आणि थांबलं. विशाखापट्टणम.

सगळे झुंबरबाईकडे पाहू लागले. म्हातारीने बराच वेळ घेतला. तिने जिवंत माणसं मोजली, मेलेली मोजली, सोयरीक मोडलेलीसुद्धा मोजली आणि म्हणाली, "नाई बा. तिकडं आपली एकबी पोरगी देल्ली नाई."

कोर्टाचा निकाल बाजूने लागावा तसा निशिगंधाचा चेहरा झाला. एवढं लांब नाव तिच्या जिभेला झेपत नव्हतं. पुढचे काही दिवस ती कणीक मळताना तेच घोकत होती, आणि कणीक कधी नव्हे एवढी मऊ होत होती.

तिकिटं काढायची म्हणून ती स्वतः स्टँडजवळच्या वकारच्या दुकानात गेली. नागपूरहून रेल्वे, तिथे समुद्रासमोर लॉज, सगळं वकारने कॉम्प्युटरवर करून दिलं. तिने त्याला बजावलं की ही गोष्ट दुकानाबाहेर जाता कामा नये. वकारने कानाला हात लावला. "भाभी, माझ्या तोंडातून निघालं तं उद्यापासून दुकानाचं शटर उघडणार नाई." आणि गडी शब्दाला जागला. बायकोलाही बोलला नाही.

घात केला गोविंदाने. म्हणजे त्याने काही मुद्दाम केलं नाही. जन्म गिरणीत गेलेला माणूस. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, समोर डबे घेऊन रांग उभी, अशात तो बोलणार म्हणजे ओरडूनच. हळू बोलणं ही गोष्ट त्याच्या गळ्यात राहिलीच नव्हती. त्या दिवशी एका जुन्या दोस्ताने विचारलं, सुट्टीत कुठं चाललास. गोविंदाने इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याच्या हिशोबाने कुजबुजायला सुरुवात केली. तेवढ्यात लाइट गेली. गिरणी गपकन थांबली. आणि त्या शांततेत गोविंदाचा आवाज पार स्टँडपर्यंत गेला.

"विशाखापट्टणमले चाललो बे! तिथं आपलं कोणीच नाई, म्हून चाललो! कोणाले सांगजो नको!"

रांगेत वामनराव होते. वामनराव म्हणजे मनकर्णाबाईच्या दिराचे सासरे. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि खिशातून मोबाइल काढला.

संध्याकाळी कल्याणहून मनकर्णाआक्काचा फोन आला. गोविंदाने घाबरत उचलला. आता आक्का रडणार, मग बापाची आठवण काढणार, अशी त्याची तयारी होती. पण आक्का रागावली नव्हती. तिला भावाची दया आली होती.

"काऊन रे गोविंदा, इतक्या दूर जाता अन् तिथं आपलं कोणीच नाई? पोट्टे बिमार पडले तं पाणी कोण देईन? तुमाले असं उघड्यावर सोडतो का आम्ही? येतो आम्ही बी."

गोविंदाला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना आजार. तो "हाव आक्का" म्हणाला. तेवढ्यावर आक्काने सुरतेला फोन लावला. सुरतेच्या काकाने पणजीला लावला. आचाऱ्याने रजा टाकली, पण वर बजावलं की सुट्टीत आपण चमच्यालाही हात लावणार नाही. एवढी माणसं लॉजवर राहणार तर तोंडात काय घालणार, म्हणून काकाने ओळख काढून तिथल्या एका धर्मशाळेचा हॉल ठरवला, सैपाकघरासकट. गोविंदाने आक्काच्या सांगण्यावरून वकारच्या मागे लागून समुद्रासमोरचा लॉज मोडला. वकारने एकदाच विचारलं, भाभीला माहीत आहे का. गोविंदाने दुसरीकडे पाहिलं. शेवटी आक्काचा पुन्हा फोन आला. तिकडचे लोक नुसता भात खातात म्हणे, ज्वारीचं पीठ नावालाही मिळणार नाही, तर येताना दोन पोती आण. समुद्रावर बसून वयनीच्या हातच्या भाकरी खाऊ.

हे सगळं निशिगंधाला कोणी सांगितलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी ती अंगण झाडून आत आली, तर दाराशी दोन पोती उभी. तोंडं सुतळीने शिवलेली. गोविंदा त्यांच्यामागे उभा होता, पण पोत्यांपेक्षा तो रुंद असल्याने लपला नाही.

तिने झाडू खाली ठेवला. गोविंदाने सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी कसा कोण जाणे, अगदी हळू आवाजात सांगितलं. ती ओरडेल, भांडी आपटेल म्हणून तो वाट पाहत होता. ती दारातल्या पायरीवर बसली. पोरंही येऊन उभी राहिली. बराच वेळ तिची नजर त्या पोत्यांवरून हटली नाही. पुष्पांजलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आई रडते आहे असं तिला वाटलं. पण निशिगंधा विचार करत होती.

"आक्का निघाल्या का?" तिने विचारलं.

"हाव. कालच बसले गाडीत."

"सारे?"

"सारे. घराले कुलूप लावून."

"अन् सुरतवाले?"

"तेबी निघाले."

"मुंबईत आपलं आणखी कोणी हाय का?"

गोविंदाने डोकं खाजवलं. "नाई. होते तेवढे सगळे आक्काच्या घरी होते."

निशिगंधा उठली, पदराला हात पुसले आणि हरिओमला म्हणाली, "वकारभाईकडं जाय. आपल्या तिघांचे तिकीट मोड म्हणा. आज रातच्या ट्रॅव्हल्सनं तीन शीट काढ."

"कुठचे?"

"मुंबईचे."

हरिओम आधी गोंधळला. पुष्पांजलीला लगेच कळलं, आणि ती एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग तोही चपला न घालताच पळाला.

गोविंदाला सगळ्यात शेवटी कळलं. "अन् मी?"

"तुमची माणसं तुमची वाट पाहून राह्यली. त्याहीले परक्या गावात उघडं टाकता का? पीठ हायच. पाणी तिकडं भेटंन."

"मले कुठी भाकर येते व?"

"मले बी मायच्या पोटातून येत नव्हती. मी थापली म्हून आली."

गोविंदाने आशेने बाजेकडे पाहिलं. आई तरी लेकाची बाजू घेईल. झुंबरबाई उठून बसली होती. तीही आयुष्यभर कोणाकोणाच्या चुलीपुढे पाहुणी म्हणून बसलेली बाई. तिने सुनेकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं.

"आधणाचं पाणी घेजो," ती लेकाला म्हणाली. "थंड्या पाण्यात भिजवशील तं भाकर फाटते." आणि पुन्हा आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी तिघं मुंबईत उतरली. गिरगावात एका गल्लीत लॉज मिळाला. खोली लहान होती, खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसत होती, पण चहा खोलीत यायचा. पहिला चहा आला तो निशिगंधाने परत पाठवला. चहाला काही झालं नव्हतं. चहा परत पाठवला की काय होतं, ते तिला पाहायचं होतं. दुसरा आला. ती बिछान्यावर पाय लांब करून बसली आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी गोविंदाचा फोन आला. पहिल्या चार भाकरी तव्यावरच मोडल्या. पाचवीला आक्काने विचारलं की हा पापड कोणी केला. आचारी भाऊ खुर्चीवर बसून चुका काढत होता, पण हात लावत नव्हता. शेवटी आक्काच पदर खोचून उठली, आणि आता ती आणि गोविंदा आळीपाळीने थापत होते. आक्का आपल्यावर चिडली होती का, असं निशिगंधाने विचारलं.

"चिडली होती. आता म्हंते, इतक्या माणसाईच्या भाकरी वयनी एकटी कशी करत होती?"

निशिगंधाने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणाली, हवा लागू देऊ नका, पीठ झाकून ठेवा.

संध्याकाळी तिघं चौपाटीवर गेली. वाळूत बसून भेळ खाल्ली. पोरं पाण्याकडे धावली. दोघांनी आपापल्या चपला न भांडता एकाच जागी ठेवल्या. निशिगंधा घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची आणि तिला हसू यायचं. हरिओम जास्तच पुढे गेला, तशी ती ओरडली, "मागं ये बे, बुडाबिडाचं काम करू नको! तुले पोह्याले कुठी येते!"

शेजारी लेकरांना खेळवत असलेला एक माणूस एकदम वळला. चेहरा असा फुलला, जसं त्याचं हरवलेलं काही सापडलं. तो जवळ आला, मागून बायकोलाही हात करून बोलावलं.

"ताई, आवाज आपल्याकडचा वाटून राह्यला. आम्ही लोणारचे. तुम्ही मेहकरकडचे का? घर कोणतं तुमचं? काई ना काई नातं निघंनच पाहा." तो थांबतच नव्हता. खोली इथून जवळच आहे, आज जेवायला आमच्याकडेच, असं म्हणून तो मोकळा झाला. आणि बायकोने हसत निशिगंधाचा हात धरला. "गावाकडून ज्वारीचं पीठ आलं ताई, पण मायाकून भाकर जमत नाई. तुमाले तं येतच असंन."

पुष्पांजली पाण्यातून धावत आली होती. ती आईकडे पाहत उभी राहिली.

निशिगंधाने हळूच हात सोडवून घेतला.

"नाई भौ," ती म्हणाली. "आम्ही विशाखापट्टणमचे."

माणूस गडबडला. त्याने तिच्या लुगड्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं. "पण तुम्ही तं एकदम आपल्यासारखं बोलता."

"बोलाच लागते," निशिगंधा म्हणाली. "तिकडं सध्या सारे मेहकरवालेच हायत."