झाडीतले काका

सासरेबुवांच्या बाथरूममधलं पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराकडे यायचं, आणि ही फरशी कोणी बसवून दिली हे घरातलं कोणीही कधी विसरत नसे. जावईबापू फरश्यांच्या दुकानात कामाला होते. लग्नानंतर मोठ्या हौसेने "तुम्ही फक्त बघत राहा, बाबा," असं म्हणून त्यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. तेव्हापासून सासरेबुवा बघतच होते. आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केलेला माणूस. आधी ओलं पायपुसणं बघायचे, मग जावयाकडे बघायचे. बोलायचे मात्र काही नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

त्यामुळे सासरेबुवांच्या पंचाहत्तरीला जुन्या फोटोंची फिल्म दाखवायची असं ठरलं, तेव्हा जावईबापूंना वाटलं, हीच संधी. ही फिल्म जमली की बाथरूम माफ. दुकानात गिऱ्हाइकाच्या भिंतीचा फोटो काढून त्यावर कॉम्प्युटरने फरश्या चिकटवून दाखवणं हे त्यांचं रोजचंच काम होतं.

"त्यात काय, एका बैठकीचं काम," ते म्हणाले.

"बाथरूमच्या वेळीही हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली.

सासूबाईंनी माळ्यावरून फोटोंचा डबा काढला. सासरेबुवांनी भिंग घेऊन एकेक फोटो तपासला, पास-नापास केला, आणि पास झालेला गठ्ठा जावयाच्या हातात देताना हळूच अट घातली.

"यातल्या एकाही फोटोत तो दिसता कामा नये."

"तो" म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. घरातले सगळे त्यांना काका म्हणत, म्हणजे पूर्वी म्हणत. भांडण शिडीवरून झालं होतं. काकांनी घराला रंग द्यायला थोरल्या भावाची शिडी नेली आणि ती परत आणायचं राहून गेलं. राहून गेलं ते गेलंच. शेवटी एका लग्नात सासरेबुवांनी चारचौघांत विचारलं, "काय रे, शिडी आहे की जाळलीस चुलीत?" काका ताटावरून उठून गेले. त्यानंतर दोघा भावांत बोलणं नाही. सासरेबुवांनी नवी शिडीही घेतली नाही. "शिडी आहे की आपल्याकडे," ते म्हणायचे, "फक्त ती त्याच्याकडे आहे." बोळातला दिवा गेला तो त्यामुळे तसाच गेलेला राहिला, आणि घरातली माणसं संध्याकाळनंतर भिंत चाचपत ये-जा करायला शिकली.

जावईबापूंनी घरी येऊन गठ्ठा उघडला आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत काका होते. स्कूटरवर मागच्या सीटवर काका, धरणावर काका, बढतीच्या दिवशी काका, सासरेबुवांच्या स्वतःच्या लग्नात नवरीपेक्षा जवळ काका. एके काळी हे दोघे भाऊ एकमेकांना सोडून फोटोच काढत नसावेत.

"हे फोटो वगळून टाका," बायको म्हणाली.

"वगळले तर फिल्ममध्ये फक्त सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचे आभार उरतील."

मग त्यांनी स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरमध्ये खोदकाम केलं आणि त्यांना मास्क सापडला. मास्क म्हणजे फोटोला पाडलेलं भोक. वर एक फोटो, त्याखाली दुसरा. वरच्याला जिथे भोक पाडाल तिथे खालचा दिसतो. जावईबापूंनी बागेतल्या दाट झाडीचा एक फोटो खाली पसरला आणि वरच्या फोटोत काकांच्या आकाराचं भोक पाडलं. काका गेले, त्यांच्या जागी छान हिरवं झुडूप आलं. जावईबापू स्वतःवरच खूश झाले.

बायकोने स्कूटरचा फोटो बघितला. "बाबा मागच्या सीटवर झुडूप बसवून कुठे निघालेत?"

"पूर्वी नेत असतील. रोपं वगैरे."

"आणि या फोटोत झुडपाला थोपटतायत ते?"

इथे खरी अडचण होती. सासरेबुवांचा उजवा हात जवळजवळ प्रत्येक फोटोत काकांच्या खांद्यावर होता. काका काढले की तो हात झुडपावर उरायचा. शेवटी जावईबापूंनी जीव घट्ट करून काकांबरोबर तो हातही मास्कमध्ये घेतला. सासरेबुवा कोपरापर्यंतच उरले, पण निदान झाडाझुडपांशी सलगी करताना तरी दिसेनात.

त्यात अ‍ॅनिमेशनची भानगड. फोटो नुसता ढिम्म उभा राहिला तर लोक कंटाळतात, म्हणून तो पडद्यावर हळूहळू सरकवायचा, जवळ आणायचा. फोटो सरकला की भोकालाही त्याच्याबरोबर सरकवावं लागतं. पहिल्या वेळी जावईबापू हे विसरले. भोक जागच्या जागी राहिलं आणि काका झुडपाच्या आडून सावकाश बाहेर येऊन बायकोकडे बघून हसले. ती इतकी हसली, की खुर्चीवरून खाली घसरली.

मग जावईबापूंनी डोळ्यांत तेल घालून काम सुरू केलं. कुठे काकांचा कान राहतोय, कुठे बूट डोकावतोय, हे नीट कळावं म्हणून त्यांनी एक युक्ती शोधून काढली. सॉफ्टवेअरमध्ये मास्क उलटा करायची सोय होती. उलटा केला की सगळा फोटो गायब होऊन झाडी दिसायची, आणि झाडीत फक्त तेवढं, जे झाकलं होतं ते. म्हणजे काका पूर्ण झाकलेत का हे बघायचं असेल तर मास्क उलटायचा आणि काका पूर्ण दिसतायत का ते बघायचं. सगळे काका नखशिखांत दिसले. जावईबापूंनी समाधानाने हात झटकले.

राहिला आवाज. सासूबाईंनी एकेक फोटो बघून बोलायचं आणि जावयाने ते रेकॉर्ड करायचं असं ठरलं होतं.

"आई, आठवेल ते बोला," जावईबापू म्हणाले, आणि इथेच चुकले. सासूबाईंना सगळंच आठवत होतं.

"हे धरणावरचं. माझी चप्पल पाण्यात गेली, ती भाऊजींनी उडी मारून काढली. हे काठावरून सूचना देत होते," सासूबाई सांगू लागल्या. "आणि ही यांची बढती. त्या दिवशी भाऊजी एवढे नाचले की साहेबांनी अभिनंदन त्यांचंच केलं."

"आई, काकांचं नाव नको. बाबांची अट आहे."

"मी कुठे नाव घेतलं? भाऊजी म्हटलं."

जावईबापूंनी ते सगळे भाऊजी कापून काढले आणि सासरेबुवांची स्तुती तेवढी ठेवली. सासूबाई शेजारी बसून आपली वाक्यं जाताना बघत होत्या.

"जावईबापू, वन्संना हल्ली दिसत नाही हो फारसं. त्यांना नुसता आवाज नाही का पाठवता येणार?"

"येईल की. ऑडिओ वेगळा एक्सपोर्ट होतो."

"मग त्यांना न कापलेला पाठवा. एवढी घसा कोरडा होईस्तोवर बोलले, ते कोणीतरी ऐकायला नको?"

सासरेबुवांच्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी, ऐकलं तर बिघडतं कुठे, असा विचार करून जावईबापूंनी न कापलेला ऑडिओ एक्सपोर्ट करून आत्यांना पाठवला. आत्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या घराण्याला माहीत होतं, आणि आत्या काकांच्या शेजारी राहतात हेही. पण जावई पडला बाहेरचा माणूस. ऑडिओ गेला, पाठोपाठ त्यांनी फिल्मही एक्सपोर्ट केली, सुरुवातीचा नमस्कार बघितला, शेवटचे आभार बघितले आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. मधलं काय बघायचं, ते तर आपणच केलंय!

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. सासरेबुवा नव्या कोटात पहिल्या रांगेत बसले होते. प्रोजेक्टरचा रिमोट त्यांच्याच हातात होता, कारण ज्या खोलीत ते असत त्या खोलीतला रिमोट त्यांच्याच हातात असे. दिवे मालवले. त्यांनी बटण दाबलं. नमस्कार आला, टाळ्या झाल्या.

मग पडदाभर झाडी आली. घनदाट, हिरवीगार. आणि झाडीच्या मधोमध, कडा मऊ केलेले, हसतमुख काका.

"हे आमचे हे," सासूबाईंचा आवाज घुमला. "ऐन पंचविशीतले. काय रुबाब होता!"

"केवढे बदलले हो," मागून कोणीतरी हळहळलं.

जावईबापूंची पाचावर धारण बसली. मास्क उलटा केला होता. तो पुन्हा सुलटा करायचा राहिला होता. दुसऱ्या फोटोत काका झाडीतून डावीकडून उजवीकडे तरंगत गेले, बसल्या बसल्या, कारण स्कूटरही झाडीत गडप झाली होती. अ‍ॅनिमेशन मात्र अगदी बिनचूक होतं.

"अहो, काका!" बायकोने दंडाला चिमटा काढला.

"दिसतायत मला."

"आणि बाबा कुठेयत?"

"काकांच्या बाजूला. झाडीत."

"घेतलेली वस्तू वेळेवर परत, हा यांचा पहिल्यापासूनचा बाणा," सासूबाईंचा आवाज अभिमानाने सांगत होता, आणि पडद्यावर काकांचा चेहरा सावकाश मोठा मोठा होत होता. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. सासरेबुवांचा रिमोट धरलेला हात वर गेला. जावईबापूंनी डोळे मिटले. आता या जन्मात तरी ती फरशी माफ होणार नव्हती.

एवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि उजेडातून एक शिडी आत आली. शिडी आली, आणखी आली, बराच वेळ येत राहिली, आणि मग तिच्या मागून काका आले. शिडीचं मागचं टोक धरून आत्या होत्या. अंधारात धडपडायला नको म्हणून त्यांनी ते धरलं असावं. काकांनी आत येऊन पडद्याकडे बघितलं आणि शिडी खांद्यावर तशीच ठेवून ते उभे राहिले. धरणावरचे काका गेले, बढतीचे काका आले. मोठ्या भावाच्या पंचाहत्तरीला पडद्यावर फक्त आपण आहोत, हे बघून त्या माणसाचे डोळे भरून आले.

जावईबापूंनी एक डोळा उघडून सासऱ्यांकडे बघितलं. सासरेबुवांनी बटण दाबलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते, पण काकांच्या चेहऱ्याकडे नाही. काकांच्या खांद्यावर एक हात होता. कोपरापाशी कापलेला, घड्याळ घातलेला हात. पुढच्या फोटोतही तो होता. त्याच्या पुढच्याही. माणसं, स्कूटर, धरण, सगळं झाडीत बुडालं होतं. तो हात तेवढा खांदा सोडायला तयार नव्हता. सासरेबुवांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तेच होतं. जावईबापूंना एकदम भरून आलं, आणि आपल्याच चुकीमुळे भरून येतंय म्हणून लाजही वाटली.

आभार आले, दिवे लागले. कोणी टाळ्या वाजवेना, कारण कोणासाठी वाजवायच्या ते कोणालाच कळेना.

"दादा," काका म्हणाले. "तुझी पंचाहत्तरी आणि फोटो सगळे माझेच?"

सासरेबुवांनी वळून जावयाकडे बघितलं. हे ते पायपुसण्यावरून येणारं बघणं होतं.

"मग काय झालं?" सासरेबुवा म्हणाले. "मी मला रोज आरशात दिसतो. तू कुठे दिसतोस?"

"आणि ती झाडी रे?"

"ती..." सासरेबुवा अडखळले. "ती शोभेला."

सासूबाई खाली मान घालून स्वतःशीच हसत होत्या. आत्यांनी शिडीचं टोक सोडून त्यांचा हात धरला.

"शिडी आणलीय," काका म्हणाले.

"दिसतंय. भिंतीला टेकवू नकोस, रंग खरवडेल."

कार्यक्रम आटोपल्यावर सगळे घरी आले. काकांनी कोट काढला, बोळात शिडी लावली आणि दिवा बदलायला वर चढले. सासरेबुवा खालून शिडी धरून सूचना देऊ लागले. जावईबापू नवा दिवा हातात घेऊन उभे होते.

"जावईबापू," सासरेबुवा हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा. चूक झाली ना?"

"झाली, बाबा. मास्क सुलटा करायचा राहिला."

"वाटलंच मला. त्या पाण्यासारखंच. तुमचं सगळं उलट्या बाजूला जातं." मग त्यांनी जावयाच्या हातातला दिवा घेतला, स्वतः वर दिला आणि म्हणाले, "राहू दे तसंच. पाणीही राहू दे. पण आता एक काम नीट करायचं. दोन वर्षांनी याची पंचाहत्तरी आहे. त्या फिल्ममध्ये सगळीकडे मी दिसलो पाहिजे. हा कुठे म्हणजे कुठे नको."

"दादा, मला सगळं ऐकू येतंय," वरून काका म्हणाले.

"ऐकू येऊ दे. आणि जावईबापू, झाडी मात्र तीच ठेवा. छान आहे."