अतिगोपनीय, सर्वांच्या माहितीसाठी

कार्यालयाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, म्हणजे एक-दोन-तीन-चार, असल्याची गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. तो तातडीने बदलावा आणि बदलेपर्यंत कोणाचीही रजा मंजूर करू नये, असं परिपत्रक निघालं. झालं! हेडक्लार्क अण्णांचा जीव टांगणीला लागला. त्यांच्या लेकीला त्याच सकाळी मुलगी झाली होती, आणि नातीला बघायला जायचं तर रजा हवी होती.

"साहेब, दोन मिनिटांचं काम. आत्ता बदलतो."

"एकट्याने?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "भलतंच! समिती नेमा."

समितीने पाच पासवर्ड सुचवले. लेखा विभागाला पहिला लांबलचक वाटला, आवक-जावकला दुसरा उद्धट वाटला. यात बारा दिवस गेले. तिकडे नात अंगाने भरली, इकडे अण्णा फोटोवरच समाधान मानत होते. मनातल्या मनात त्यांनी समितीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

अखेर सोळा अक्षरी पासवर्ड मंजूर झाला. गोपनीय असल्यामुळे तो फक्त एकेचाळीस जणांना दाखवून प्रत्येकाची सही घेतली.

"एवढं कोणाच्या लक्षात राहतंय?" शिपाईमामा म्हणाले.

मुद्दा रास्त होता. तेव्हा आधी सगळ्यांना दिसेल असा कागद लावावा आणि मगच पासवर्ड बदलावा, असं ठरलं. 'अतिगोपनीय' असा लाल शिक्का मारून अण्णांनी तो दारासमोरच्या भिंतीवर चिकटवला, बरोब्बर कॅमेऱ्याच्या पुढ्यात.

तेवढ्यात कॅमेऱ्यातून आवाज आला, "अण्णा, कागद जरा वर घेता का? शेवटचे दोन अंक शिपाईमामांच्या डोक्याआड जातायत."

इतक्या आदबीने बोलतोय म्हणजे मुख्यालयाचाच माणूस! अण्णांनी लगबगीने कागद वर घेतला, पासवर्ड बदलला, रजेवर सही घेतली आणि तडक लेकीचं घर गाठलं.

नातीला मांडीवर घेतलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. मग पाळण्यावरच्या नव्या कोऱ्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं.

"अगं, याचा पासवर्ड बदललास ना?"

"काहीतरीच हं बाबा! आपल्या घरात कोण बघायला येतंय?"

"गोड आहे हो नात, अण्णा!" पाळण्यावरून तोच आवाज म्हणाला.

हसा, खुशाल हसा. हसून झालं की आपल्या घरातला इंटरनेटचा डबा उलटा करून खालची चिठ्ठी तेवढी वाचा. अजून तोच पासवर्ड आहे ना? मग वाचताना मान जरा बाजूला घ्या. शेवटचे दोन अंक दिसत नाहीयेत.