चिंधी क्रमांक सात

यंत्राला अक्कल नाही, शिस्त लागते, असं ओटमार झ्वेरेन्झ यांचं ठाम मत होतं. निवृत्त भूमापक! पुसायच्या चिंध्यांच्या कोपऱ्यांवरसुद्धा त्यांनी आकडे शिवून घेतले होते. पन्नास वर्षांच्या गाडीची एक झडप बदलणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. झडपेचं काम एवढंच, की थंड इंजिनाला सुरुवातीला जादा हवा द्यायची आणि ते तापलं की गप मिटायचं. पण शनिवारी अकराला याच गाडीतून लेकीला, मारायकेला, लग्नासाठी नगरभवनात न्यायचं होतं.

कुंपणावरून शेजारीण डोकावली. रोसविता बेखले, बस डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडलेली बाई.

"मी बघू का, शेजारी?"

"बाई, माझ्याकडे सतरा कलमांची यादी आहे!"

"अगं बाई! मग माझं काय काम?"

नवी झडप बसली. गाडी दोनदा खोकली आणि मेली. ओटमारनी झडप विकणाऱ्याला तीन पानी पत्र खरडलं, 'आपला माल सदोष आहे.' प्रती जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या सर्व बेचाळीस सभासदांना! बदली झडप आली. तीही तशीच. दुसरं पत्र पाच पानी झालं.

शनिवारी बोचरी थंडी होती. ॲक्सिलरेटर दाबून धरत ओटमारनी गाडी कशीबशी रस्त्यावर काढली. मंडळाच्या सहा गाड्या वरातीसारख्या मागे, रिवाजाप्रमाणे भोंगे वाजवत. पहिल्याच चौकात नवरीची गाडी बंद! भोंगे आणखी जोरात. लोकांना वाटलं, आनंदच झालाय.

"बाबा, नगरभवनात आपल्याला वीसच मिनिटं दिलीयत हो!"

मागच्या गाडीतून रोसविता उतरली, टोपी मारायकेच्या मांडीवर ठेवली. "उघडा झाकण."

"बाई, झडपच सदोष—"

तिने झडपेकडे जाणारी हवेची नळी उपसली, दोन बोटं घातली आणि जादूगारासारखं काहीतरी ओढून काढलं. भोंगे थांबले. कोपऱ्यावर सुबक शिवलेला सात.

"उघड्या नळीत कचरा जाऊ नये म्हणून कोंबलीत ना? चांगली सवय. पण नंतर काढायची असते, राजे!"

ओटमारनी खिशातून यादी काढली. कलम अकरा: चिंधी काढणे. पुढे खूण, खाली सही. तेलकट हातांनी कागद खराब होऊ नये म्हणून सतराही खुणा त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या.

मागे मंडळाचे सभासद अतिशय सभ्यपणे आभाळाकडे बघत होते.

अकराला दोन मिनिटं उरली असताना ते पोहोचले. लग्न लागलं. अधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून ओटमारपुढे कागद सरकवला. त्यांनी सवयीने पेन उघडलं.

"बाबा," मारायके हळूच म्हणाली, "आधी वाचा."